सोसायट्यांची एकत्र खरेदी: गट कसा बांधायचा आणि ठेकेदाराचं काम कसं मोजायचं

पाण्याच्या टाक्या धुतल्याचे फोटो ठेकेदाराने बिलासोबत जोडले होते. एक आमच्या कोल्हापुरातल्या राजारामपुरीतल्या सोसायटीचा, दुसरा आमच्याच खरेदी गटातल्या एका सोसायटीचा. दोन्ही फोटोंत टाकीच्या कोपऱ्यात निळी बादली होती, कडेला चीर गेलेली. मागच्या भिंतीवरचा ओघळही तोच. मी संध्याकाळी बॅटरी घेऊन गच्चीवर गेलो, काठीच्या टोकाला पांढरं फडकं बांधलं आणि टाकीच्या तळाशी फिरवलं. फडकं वर आलं ते तपकिरी, बोटाला चिकटेल असा गाळ घेऊन.

बिल तोवर देऊन झालं होतं. सहा सोसायट्यांनी दिलं होतं. दर सगळ्यांनी मिळून ठरवला, म्हणून कामही कुणीतरी बघितलं असेल, असं प्रत्येक सेक्रेटरीने धरून चाललं. मीही त्यातलाच. एकत्र खरेदीत दर खाली येतो हे खरंच आहे, पण त्याबरोबर जबाबदारीही सहा ठिकाणी वाटली जाते आणि कुणाच्याच खांद्यावर राहत नाही.

ऊस काट्यावर चढतो तेव्हा शेतकरी आकड्याकडे बघत उभा असतो. दूध संकलन केंद्रावर फॅट लागल्याशिवाय दर निघत नाही, आणि ती फॅट दूध घालणाऱ्याच्या समोर लागते. आपल्या जिल्ह्यात हे लहान पोरालाही कळतं. सोसायटीच्या कामात मात्र आपण काट्याकडे पाठ करून उभे राहतो. दहा ते साठ फ्लॅटच्या सोसायट्या चालवणाऱ्या चेअरमन, सेक्रेटरी आणि खजिनदारांसाठी हे लिहितो आहे. गट अजून बांधला नसेल तर पहिल्यापासून वाचा. बांधलेला असेल तर काम मोजण्याच्या भागाकडे थेट गेलात तरी चालेल.

एकत्र काय घ्यायचं

सगळ्या इमारतींत सारखं असणारं आणि ठरावीक काळाने परत परत लागणारं काम एकत्र घ्यावं. टाकी धुणं, लिफ्टची वार्षिक देखभाल, वॉचमन, अग्निशामक सिलिंडर भरणं, सीसीटीव्ही, पंपाची देखभाल ही त्यातली. वॉटरप्रूफिंग आणि रंगकाम दर इमारतीत वेगळं, त्यामुळे तिथे फक्त दर एकत्र ठरवावा, म्हणजे चौरस फुटाचा, मालाच्या कंपनीचा आणि थरांचा. माप आणि कामाचा आदेश ज्या त्या सोसायटीचा.

सकाळी सहाला पाणी येत नाही म्हणून फोन केला की सायकलवरून येणारा प्लंबर गटात आणू नका. त्याचं काम ओळखीवर चालतं, निविदेत अडकवलंत तर तो तुटेल.

गटाला रूप कोणतं द्यायचं

रस्ते दोन. पहिला म्हणजे साधा सामंजस्य करार. सोसायट्या एकत्र येऊन दर ठरवतात, पण कामाचा आदेश, बिल आणि पैसे प्रत्येकीचे वेगळे. दुसरा रस्ता नोंदणीचा. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० मध्ये संघीय संस्थेची सोय आहे, त्यासाठी किमान पाच सभासद या स्वतः सहकारी संस्था असाव्या लागतात. नोंदणी केली की उपविधी, निवडणूक, लेखापरीक्षण सगळं मागोमाग येतं.

माझं स्पष्ट मत, पहिली दोन वर्षं करारावर काढा. आणि एक नियम काळ्या दगडावरच्या रेघेसारखा पाळा: गटाच्या हातात ठेकेदाराचे पैसे येता कामा नयेत. ज्या दिवशी गटाच्या नावाने खातं उघडून सगळ्यांचे पैसे तिथे जमा करून ठेकेदाराला द्यायला सुरुवात होते, त्या दिवशी हिशोब, जीएसटी आणि भांडण तिन्ही एकदम दारात येतात. टपाल, झेरॉक्स, चहा यासाठी प्रत्येक सोसायटीने वर्षाला थोडी ठरावीक वर्गणी द्यावी आणि त्याचा हिशोब एकाच पानावर मावावा.

टीडीएसही, म्हणजे ठेकेदाराच्या बिलातून आधीच कापून सरकारकडे भरायचा आयकर, मग ज्या त्या सोसायटीच्या माथ्यावर राहतो. ठेकेदाराचं एक बिल ३०,००० रुपयांच्या वर किंवा वर्षभराची मिळून बिलं १,००,००० च्या वर गेली की कपात करावी लागते, ठेकेदार व्यक्ती असेल तर १ टक्का, फर्म किंवा कंपनी असेल तर २ टक्के. गटाने दर ठरवला म्हणून ही जबाबदारी गटाकडे जात नाही. लिफ्टचा परवाना आणि तपासणीचंही तसंच.

ठराव आधी, सही नंतर

गटात जायचं का हे कमिटीने परस्पर ठरवू नये. सर्वसाधारण सभेपुढे विषय ठेवा आणि ठरावात चार गोष्टी येऊ द्या: कोणत्या कामांपुरती सोसायटी गटात आहे, प्रतिनिधी कोण, त्याच्या गैरहजेरीत कोण, आणि कोणत्या रकमेपर्यंत तो सोसायटीच्या वतीने होकार देऊ शकतो. ही शेवटची गोष्ट सगळे विसरतात. आदर्श उपविधींप्रमाणे बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.७५ टक्के दुरुस्ती व देखभाल निधी आणि किमान ०.२५ टक्के सिंकिंग फंड (इमारतीच्या मोठ्या दुरुस्तीसाठी राखलेला पैसा) जमा होत असतो. सिंकिंग फंडाला प्रतिनिधीने गटाच्या बैठकीत शब्दानेही हात लावायचा नाही, त्यासाठी सोसायटीची सभाच हवी.

करारनामा चार-पाच पानांच्या वर जाऊ देऊ नका. मराठीत लिहा, सोप्या मराठीत. वकिलाला दाखवा, पण वकिलाकडून लिहून घेऊ नका, नाहीतर तो कुणी वाचणारच नाही. अमुक सोसायटीला एखादा दर नको असेल तर ती त्या कामापुरती बाहेर राहू शकते, हे वाक्य करारात हवंच. माझा अनुभव असा की बाहेर पडायची मोकळीक लिहून दिली की सोसायट्या उलट जास्त टिकतात.

एक सोसायटी, एक मत, आणि पै-पाहुणे

बारा फ्लॅटची सोसायटी आणि साठ फ्लॅटची सोसायटी एका टेबलाशी बसतात तेव्हा मोठीला वाटतं आपलं वजन जास्त असावं. वर्गणी फ्लॅटप्रमाणे घ्या, मत मात्र सोसायटीला एकच ठेवा. मोठ्या सोसायटीला मतं वाढवून दिलीत की लहान सोसायट्या बैठकीला यायच्या बंद होतात, आणि दर कमी मिळतो तो इमारतींच्या संख्येमुळेच.

कामांची वाटणी तीन वेगळ्या हातांत करा. दर मागवणारे तिघे. काम मोजणारे तिघे, पण ते दर मागवणाऱ्यांत नसावेत. पैसे देणारी ज्याची त्याची कमिटी. गटात सातपेक्षा कमी सोसायट्या असल्या तर दोन-दोनवर भागवा, पण एकच माणूस दोन्हीकडे नको. टाकीच्या प्रकरणात दर ठरवणारा, ठेकेदाराला फोन करणारा आणि 'काम झालंय' म्हणून सांगणारा माणूस एकच होता. तो अप्रामाणिक नव्हता. त्याच्यावर तीन जणांचं ओझं होतं आणि आम्ही ते आनंदाने त्याच्यावर टाकलं होतं.

कोल्हापुरात कुणी ना कुणी कुणाचा पाहुणा निघतोच. रंगारी मेव्हण्याच्या ओळखीचा, लिफ्टवाला तालमीतला जोडीदार. ओळख असण्यात गुन्हा नाही, लपवण्यात आहे. बैठकीच्या वहीत पहिल्या पानावर प्रत्येक प्रतिनिधीने आपलं नातं किंवा व्यवहार लिहून सही करायची, आणि त्या ठेकेदाराचा विषय आला की बाहेर जाऊन बसायचं. बसल्या जागी गप्प राहणं पुरत नाही. समोर माणूस बसलेला असताना दुसरे मोकळं बोलत नाहीत. मुदतही ठरवा, दोन वर्षांनी मोजणी समितीतले निम्मे बदलावेत.

दर मागवताना

आधी काम लिहून काढा. 'टाकी धुणे' एवढंच लिहिलंत तर ठेकेदार वरचं पाणी सोडून तळावर झाडू फिरवेल. लिहायचं असं: पाणी पूर्ण उपसणे, भिंती आणि तळ घासणे, गाळ बाहेर काढून दाखवणे, दोनदा धुणे, निर्जंतुक करणे, झाकण आणि ओव्हरफ्लो पाइपची जाळी तपासणे.

बंद पाकिटं मागवा, किमान तीन. एका ठरलेल्या वेळी प्रतिनिधींसमोर फोडा आणि प्रत्येक पानावर हजर असलेल्यांच्या सह्या घ्या. तुलनात्मक तक्ता तिथल्या तिथे हाताने भरला तरी चालतो, फोटो काढून सगळ्यांना पाठवा. पाकीट फुटल्यावर कुणाशीही फोनवर घासाघीस नाही. करायची तर सगळ्यांना बोलावून, एकाच बैठकीत.

सगळ्यात कमी दर घ्यायचाच असं नाही, आणि वॉचमनच्या बाबतीत हे फार जपून बघा. गणित सोपं आहे. एका गेटवर चोवीस तास माणूस हवा म्हणजे आठवड्याचे १६८ तास. एका माणसाचे आठवड्याला ४८ तास धरले तर साडेतीन माणसं लागतात. त्यांचं किमान वेतन, त्यावर पीएफचा मालकाचा हिस्सा १२ टक्के, ईएसआयचा (कामगार विम्याचा) ३.२५ टक्के, गणवेश, सुट्टीची बदली आणि एजन्सीचा नफा. ही बेरीज स्वतः करा आणि मग पाकिटं उघडा. एखाद्याचा दर त्या बेरजेच्या खाली असेल तर त्याने स्वस्तात काम करण्याची युक्ती शोधलेली नसते. तो रात्रीच्या म्हाताऱ्या वॉचमनच्या पगारातून पैसे काढणार असतो, आणि आपण दहा सोसायट्या मिळून त्याला तसं करायला भाग पाडलेलं असतं. असा दर नाकारायचा, आणि नाकारल्याचं कारण वहीत लिहायचं. महाराष्ट्रात किमान वेतनातला विशेष भत्ता दर सहा महिन्यांनी बदलतो, म्हणून करारात जानेवारी आणि जुलैला तेवढीच दरवाढ मान्य करण्याचं कलम आधीच घाला.

लिफ्टच्या करारात कॉम्प्रिहेन्सिव्ह (सुट्या भागांसह) आणि नॉन-कॉम्प्रिहेन्सिव्ह (सुटे भाग वेगळे) यांची तुलना नुसत्या वार्षिक रकमेवर करू नका. प्रत्येक सोसायटीने मागच्या तीन वर्षांत सुट्या भागांवर किती खर्च केला ते काढा, मग रक्कम बेरजेसह बघा. जुन्या लिफ्टवाल्या आणि नव्या लिफ्टवाल्या सोसायट्यांना इथे वेगळा दर परवडतो, तो वेगळाच ठेवा.

काम मोजायचं कसं

मोजमाप कामाच्या दिवशी, कामाच्या जागी आणि ठेकेदाराच्या माणसासमोर व्हायला हवं. नंतर ऑफिसात बसून भरलेला फॉर्म कामाचा नाही. आणि मोजायच्या गोष्टी कमी ठेवा. पंधरा रकाने असले की वॉचमन सगळीकडे बरोबरची खूण करून मोकळा होतो.

टाकीसाठी आमची पद्धत आता अशी आहे. पाटीवर सोसायटीचं नाव आणि तारीख खडूने लिहायची, पाटी टाकीच्या आत उभी करायची आणि फोटो काढायचा: उपसल्यावर एक, घासून झाल्यावर एक. काढलेला गाळ बादलीत दाखवायचा. आमचा प्रतिनिधी पांढरं फडकं तळावर फिरवून बघतो. पाणी भरल्यावर दुसऱ्या दिवशी नळाच्या पाण्याची ओटी टेस्ट, म्हणजे क्लोरीन तपासायच्या द्रावणाचे दोन थेंब टाकून पिवळा रंग बघायचा. आयएस १०५०० या मानकाप्रमाणे पाण्यात किमान ०.२ मिलिग्रॅम प्रति लिटर क्लोरीन शिल्लक असायला हवा. या सगळ्याला वीस मिनिटं लागतात. प्रतिनिधी आणि ठेकेदाराचा माणूस दोघांची सही झाली की तेच पान बिलाला जोडायचं. पान नाही तर बिल नाही.

लिफ्टसाठी तळमजल्यावर दोरी बांधलेली वही आणि तिला पेन. रकाने चारच: तक्रार किती वाजता दिली, माणूस किती वाजता आला, लिफ्ट किती वाजता चालू झाली, काय बदललं. माणूस अडकला असेल तर लाल पेनने. महिन्याच्या शेवटी मोजणी समिती सगळ्या वह्यांतल्या वेळा एका कागदावर उतरवते. तेव्हा एकच लिफ्ट महिन्यात चारदा बंद पडते आहे असं दिसू शकतं, किंवा एका भागातल्या सोसायट्यांकडे मेकॅनिक नेहमीच उशिरा पोचतो असं. एकट्या सेक्रेटरीला हे कधीच दिसलं नसतं. गट बांधण्याचा माझ्या मते खरा फायदा हा आहे, दर कमी होण्यापेक्षाही मोठा.

रंगकामात डबे मोजा. सीलबंद डबा सोसायटीत आला की झाकणावरचा बॅच नंबर लिहायचा, फोडताना कुणीतरी समोर हवं, आणि रिकामे डबे शेवटचं बिल होईपर्यंत पार्किंगच्या कोपऱ्यात ठेवायचे. भंगारवाल्याला डबे विकून दोनशे-तीनशे रुपये मिळतात म्हणून ठेकेदार ते लगेच उचलू बघतो, त्याला तेवढे पैसे हवे तर आपण द्या, पण डबे हलू देऊ नका. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगला पाणी तुंबवून ४८ तास ठेवा, खालच्या मजल्यावरच्या छताचे फोटो आधी आणि नंतर काढा. बिलातले १० टक्के एक पूर्ण पावसाळा जाईपर्यंत राखून ठेवा. हे कामाच्या आदेशात आधी लिहिलेलं असेल तर कुठलाही चांगला ठेकेदार कुरकुर करत नाही.

वॉचमनसाठी दर महिन्याच्या बिलासोबत पीएफ आणि ईएसआयची चलनं मागा, आणि त्या यादीत आपल्या गेटवरच्या माणसांची नावं आहेत का बघा. नुसतं चलन असून भागत नाही. रात्री दोनला गटातल्या कुणीही एकाने महिन्यातून एकदा, न सांगता, दुसऱ्याच सोसायटीच्या गेटवर चक्कर मारावी. झोपलेला माणूस सापडला तर आधी विचारा, सलग किती तास ड्युटी करतोय. बऱ्याचदा चूक त्याची नसते.

पावसाळा आणि पूर

कोल्हापुरातल्या करारात हा भाग वेगळा असायलाच हवा. गच्ची, पन्हळी, बाहेरचा रंग ही कामं मे संपायच्या आत पूर्ण, नाहीतर पुढच्या हिवाळ्यात. जूनमध्ये ओल्या भिंतीवर मारलेला रंग पोपडे धरतो आणि मग ठेकेदार पावसावर ढकलतो.

पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यावरची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्याही पुढे गेलं होतं. तेव्हा शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग बंद पडला, शहराचा पाणीपुरवठा बंद पडला, आणि लिफ्टचे भाग पुण्याहून मागवायचे म्हटलं तर यायला रस्ताच नव्हता. म्हणून लिफ्टवाल्याच्या करारात लिहा: नेहमी लागणारे सुटे भाग कोल्हापुरातच शिल्लक ठेवायचे. नागाळा पार्क, शाहूपुरी किंवा जयंती नाल्याच्या बाजूच्या सोसायट्यांसाठी ३९ फुटांची बातमी आली की लिफ्ट वरच्या मजल्यावर नेऊन बंद करायची, लिफ्टखालच्या खड्ड्यातलं (पिटमधलं) पाणी बघायचं, तळघरातला पंप उचलायचा. हे कोण करणार त्याचं नाव आणि फोन लॉबीत लावलेला हवा.

आणि अवघड प्रश्न आधी सोडवा. पूर ओसरला की सगळ्या सोसायट्यांना एकाच दिवशी टँकर, जनरेटर आणि गाळ उपसायला माणसं लागतात, ठेकेदार एकच. क्रम त्या दिवशी ठरवायला गेलात तर गट तिथेच फुटतो. एप्रिलच्या बैठकीत ठरवून ठेवा: जिथे आजारी किंवा अंथरुणाला खिळलेली माणसं आहेत ती इमारत आधी, मग जिथे पाण्याची टाकी बुडाली ती, मग बाकीच्या चिठ्ठ्या टाकून. चिठ्ठ्या एप्रिलमध्येच टाका.

महिन्याची बैठक

पाऊण तास, त्याहून जास्त नाही. एका पानाचा तक्ता: प्रत्येक ठेकेदार, किती तक्रारी, किती वेळेत मिटल्या, कोणत्या सोसायटीचं बिल थकलंय. हा शेवटचा रकाना टाळू नका. आपणच तीन-तीन महिने बिल थकवून ठेकेदाराकडून वक्तशीरपणा मागणं योग्य नाही. ज्या सोसायटीचं बिल ठरलेल्या मुदतीपेक्षा लांबलं तिचं नाव तक्त्यात दिसलंच पाहिजे.

काम बिघडलं तर पायऱ्या आधीच लिहिलेल्या असाव्यात. पहिल्यांदा तोंडी, वहीत नोंद करून. दुसऱ्यांदा लेखी पत्र आणि दुरुस्तीची तारीख. तिसऱ्यांदा करारात ठरलेली कपात. त्यानंतर काम बंद, आणि यादीत दुसऱ्या नंबरवर असलेल्याला बोलावणं. कपात करण्याआधी ठेकेदाराला बैठकीत बोलावून त्याचं म्हणणं ऐका. आमच्या एका बैठकीत लिफ्टवाल्याने दाखवून दिलं की ज्या इमारतीत लिफ्ट सारखी बंद पडते तिथे व्होल्टेज पडतं आहे, दोष सोसायटीच्या वायरिंगचा होता. ती कपात आम्ही मागे घेतली आणि तसं लिहून दिलं.

दर आणि तक्ता प्रत्येक सोसायटीच्या नोटीस बोर्डावर लावा. पैसे सभासदांचे आहेत, तीन मजले उतरून खाली आलेल्या माणसाला आकडे दिसले पाहिजेत.

वर्षाचा हिशोब आणि बाहेर पडणं

सहकारी वर्ष मार्चअखेर संपतं आणि वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. गटाचा अहवाल जुलैपर्यंत तयार ठेवा, म्हणजे प्रत्येक सोसायटी तो आपल्या सभेपुढे ठेवू शकेल. त्यात 'किती वाचले' हा आकडा लिहिताना प्रामाणिक राहा. गटात यायच्या आधीच्या वर्षी त्याच कामाला प्रत्यक्ष दिलेली रक्कम, ही तुलना. बाजारातल्या कुणाच्या तरी चढ्या कोटेशनशी केलेली तुलना नव्हे. आणि बिघडलेल्या कामावर पुन्हा केलेला खर्च त्यातून वजा करा. आमच्या टाक्या दुसऱ्यांदा धुवून घ्याव्या लागल्या, त्या वर्षी टाकीच्या ओळीत आमची बचत शून्याखाली होती. आम्ही ती तशीच छापली.

सोसायटीचं वैधानिक लेखापरीक्षण होतंच, त्याखेरीज गटाच्या कामांची एका सोसायटीची वही दुसऱ्या सोसायटीच्या खजिनदाराने तपासावी, आणि पुढच्या वर्षी जोडी बदलावी.

बाहेर पडणाऱ्या सोसायटीने तीन महिने आधी लेखी कळवायचं, चालू कामांची बिलं पूर्ण भरायची, आणि वॉटरप्रूफिंगची राखून ठेवलेली रक्कम कुणाकडे आहे, कोणत्या तारखेला ठेकेदाराला द्यायची आहे, हे दोन्ही बाजूंच्या सहीने लिहून घ्यायचं. लिफ्टची वही मात्र इमारतीतच राहते, ती गटाची नसते.